गवऱ्यांच्या राशीतले मालक

मल्लम्माचे मालक जाऊन वर्ष होत आलं होतं आणि गेले तीन महिने ते गवऱ्यांच्या राशीत राहायला होते.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नव्हतीच. घर जळकोटपासून दोन कोसांवर, गावाबाहेर, शेताला लागून. घरात मुलगा महांतेश, सून शिल्पा आणि दहा महिन्यांचा नातू शिवम. महांतेश जळकोटच्या एका कृषी केंद्रात कामाला होता, सकाळी मोटारसायकलवर जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आईला लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं. सुनेला सांगितलं असतं तर ती तासाभरात लेकराला काखोटीला मारून माहेरी गेली असती. आणि गावातल्या जंगम अय्यांना सांगायची तर सोयच नव्हती. लिंगायताच्या घरातला माणूस गेला की तो लिंगैक्य झाला म्हणतात, शिवात मिळाला तो मिळाला, परतीचा रस्ता नाही. चंद्रप्पांना बसवून माती देताना अय्यांनी हे स्वच्छ सांगितलं होतं आणि मल्लम्मानं पदर तोंडाला लावून मान डोलावली होती. पण अय्यांना शिव ठाऊक होता, चंद्रप्पा ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस सांगितल्या ठिकाणी सांगितल्या वेळी कधी पोचला नव्हता. बाजाराला म्हणून निघायचा आणि उदगीरला पाहुण्यांकडं जेवून परतायचा. असा माणूस थेट शिवाकडं गेला आणि गुमान तिथंच बसून राहिला, हे तिला काही पटेना.

आणि झालंही तसंच. शिल्पा बाळंतपण आटोपून होळीच्या सुमारास लेकराला घेऊन घरी आली. त्यानंतर महिनाभरात, पाडवा झाल्यावर, मल्लम्मा चुलीसाठी गवऱ्या आणायला मागच्या पत्र्याच्या आडोशाखाली गेली. चार गवऱ्या पाटीत टाकल्या असतील नसतील, तोच राशीच्या बाजूनं भला लांब, गव्हाळ रंगाचा नाग निघाला. त्यानं फणा काढला, तिच्याकडं एकवार पाहिलं आणि मुकाट्यानं वळून राशीत शिरला. मल्लम्माच्या हातातली पाटी तशीच राहिली. बाहेरून उशिरा आल्यावर चंद्रप्पा अगदी असेच आत जायचे.

जीव कशात अडकला की माणूस नाग होऊन घर राखायला येतो, असं तिची आई सांगायची. चंद्रप्पांचा जीव अडकायला कारणं होती. एक म्हणजे नातवाचं तोंड न बघता ते गेले होते. शिल्पाला तेव्हा आठवा लागायचा होता. दुसरं कारण मल्लम्माच्या मनात होतं आणि ते तिनं कुणाजवळ काढलं नव्हतं.

चंद्रप्पांना शुगर होती. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं आणि मल्लम्मानं ते बंद करून दाखवलं होतं. गुळाचा डबा तिनं धान्याच्या कणगीत लपवला, सणाच्या दिवशी पुरणाला हात लावू दिला नाही. तर एक दिवस शेजारच्या शेतातला आदिनाथ बोलता बोलता सांगून गेला, की काका जळकोटला हॉटेलात बसून जिलेबी खात होते. पावशेर. मल्लम्मा भांडली नाही. तिनं अबोला धरला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी चंद्रप्पा शेतात लिंबाखाली टेकले ते उठले नाहीत. छातीत कळ आली असणार, म्हणाले लोक. मल्लम्माला कळेचं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की चाळीस वर्षं बोलून बोलून ज्याचे कान किटवले त्या माणसाला जाताना आपण एक शब्द दिला नाही.

म्हणून नाग आला तेव्हा ती भ्याली नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

मग तिचा नेम सुरू झाला. सकाळी महांतेश गेला आणि शिल्पा धुण्याला लागली की मल्लम्मा मागं जायची. एक वाटी दूध आणि मूठभर ज्वारीच्या लाह्या, कारण लाह्या म्हणजे चंद्रप्पांचा जीव की प्राण. दुधात साखर मात्र नाही. साप झाला म्हणून काय पथ्य सुटतं का! वाटी राशीच्या तोंडाशी ठेवून ती दोन हात लांब पाटावर बसायची आणि बोलायला लागायची. सोयाबीन कोणत्या रानात पेरलं. महांतेशची पाठ कशी दुखते. शिवमला दात आले, वरचे आधी आले, म्हणजे मामाला जड. त्या तीन दिवसांत जे बोलायचं राहिलं ते सोडून ती सगळं बोलायची. तेवढं एक तोंडाशी यायचं आणि मागं फिरायचं. उद्या सांगू, म्हणायची. दुपारी जाऊन बघावं तर वाटी चाटूनपुसून लख्ख. मल्लम्माला समाधान वाटायचं.

महांतेशनं दोनदा म्हटलं, "अव्वा, ही रास घराला चिकटून कशाला? उचलून बांधाकडं न्हेऊन टाकतो. उंदरं लई झालीत." दोन्ही वेळा तिनं मोडता घातला. एकदा गुडघे दुखतात, लांबून गवऱ्या आणवत नाहीत म्हणाली. दुसऱ्यांदा नुसतीच रडली. म्हाताऱ्या आईच्या रडण्यापुढं मुलाचं काय चालणार? रास राहिली. उंदरंही राहिली, लाह्या खाऊन चांगली गुबगुबीत झाली आणि त्यांच्यामागं राशीतला पाहुणाही तिथंच रमला. हे साधं गणित मल्लम्माच्या ध्यानात आलं नाही, कारण ते तिला नको होतं.

आषाढात शिवम रांगायला लागला. रांगायला म्हणजे कसला, पळायलाच लागला गुडघ्यांवर. तेव्हा मल्लम्माच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. मागच्या दाराला तिनं आडवा पाट लावला. पण लगेच स्वतःलाच समजावलं, की अगं, आजा आहे तो, नातवाला काय करणार आहे?

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती मागं वाटी ठेवून येऊन चुलीपुढं भाकरी थापत होती. शिल्पा पुढं हौदावर कपडे धूत होती. लेकराचा आवाज आला नाही म्हणून मल्लम्मानं मान वळवून पाहिलं, तर दारातला पाट कलंडलेला. ती उठली. गुडघे धरून दारापर्यंत आली आणि तिथंच थिजली.

शिवम राशीपुढं फतकल मारून बसला होता. एकेक लाही चिमटीत धरून तोंडात घालत होता. दुसऱ्या हातानं दुधाची वाटी जमिनीवर आपटत होता. आणि त्याच्यापासून दीड हातावर, राशीच्या तोंडाशी, नाग फणा काढून उभा होता.

"अहो," मल्लम्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "अहो, नातू हाय तुमचा. जावा की आत."

नाग गेला नाही. चुलीवरच्या तव्यावर पाणी पडावं तसा त्यानं फूत्कार टाकला. शिवमला मजा वाटली, त्यानं वाटी आणखी जोरात आपटली. आणि नागानं झडप घातली. ती वाटीवर बसली. ठण् असा आवाज आला, दूध उडालं आणि वाटी कलंडली.

त्या एका आवाजात मल्लम्माचे तीन महिने संपले. चंद्रप्पा उशिरा यायचे, चोरून जिलेबी खायचे, खोटं बोलायचे. पण चाळीस वर्षांत त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता. बैलावर नाही, कुत्र्यावर नाही. हे जे समोर उभं होतं ते चंद्रप्पा नव्हते. तो साप होता. आणि त्याला दूध घालून, लाह्या टाकून, नातवाच्या वाटेवर आपणच बसवलं होतं.

ओरडावंसं वाटत होतं, ओरडली नाही. धावावंसं वाटत होतं, धावली नाही. कुठून सुचलं कोण जाणे, ती हळूच खाली बसली, बसल्या बसल्या मागून सरकत गेली आणि लेकराचं झबलं पाठीवर मुठीत धरलं. मग तसंच फरफटत, एकेक वीत, मागं ओढत आणलं. नागाचा फणा त्यांच्याबरोबर डुलत होता, पण तो जागचा हलला नाही. उंबऱ्याच्या आत आल्यावर तिनं लेकराला छातीशी आवळलं आणि मग जी किंकाळी फोडली ती आदिनाथच्या शेतापर्यंत गेली.

शिल्पा साबणाच्या हातानं धावत आली. लेकराला हिसकावून घेऊन तिनं त्याचं सगळं अंग तपासलं, बोटं, पोटऱ्या, मान. कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. शिवम लाही हातातून पडली म्हणून रडत होता. तेवढ्यात आदिनाथ कुऱ्हाड घेऊन पोचला.

"व्हा बाजूला काकू. रास पाडतो आन् ठेचतो त्याला."

"न्हाई," मल्लम्मा दारात आडवी उभी राहिली. "तू रास पाडायला जाशील आन् त्यो तुलाच डसंल. जळकोटच्या दवाखान्यात ती नर्सबाई हाय न्हाई का, साप धरती ती? तिला फोन लाव. घेऊन जाऊ दे त्याला."

'घेऊन जाऊ दे' म्हणताना तिनं राशीकडं पाहिलं नाही.

नर्सबाईचं नाव धम्मप्रिया. वय अठ्ठावीस-तीस. फोनवर तिनं आधी लेकराची चौकशी केली, मग बजावलं, की जवळ कुणी जायचं नाही, काठी खुपसायची नाही, दगड मारायचा नाही. मागचं दार लावून घ्या, एकानं लांब उभं राहून फक्त राशीवर नजर ठेवा, साप बाहेर पडला तर कुठं गेला तेवढं बघा. आदिनाथला हे काम मिळालं. वीस पावलांवर कुऱ्हाड खांद्याला लावून तो उभा राहिला, रुसलेल्या जावयासारखा.

अर्ध्या तासानं धम्मप्रिया स्कूटीवरून आली. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, डिकीला बांधलेली लांब आकडी, प्लास्टिकचा एक पाइप आणि जाड कापडाची पिशवी. आल्या आल्या ती आडोशाभोवती लांबून एक फेरी मारून आली. उंदरांची बिळं पाहिली, सांडलेल्या लाह्या पाहिल्या, कलंडलेली वाटी पाहिली.

"दूध कोण ठेवतं हितं?"

मल्लम्मा म्हणाली, "मी."

"कवापासून?"

"पाडव्यापासून."

शिल्पानं वळून सासूकडं पाहिलं. ती नजर मल्लम्माला सापाच्या नजरेपेक्षा जड गेली.

"का पण, मावशी?"

"मालकासाठी," मल्लम्मा म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. "मला वाटलं मालक आलेत."

आदिनाथला खोकल्याची उबळ आली. धम्मप्रियानं त्याच्याकडं असं पाहिलं की ती तिथंच जिरली. मग ती मल्लम्माजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, आमच्यात असलं मानत न्हाईत. पण माझा बाप गेला तवा मी वर्षभर त्याच्या फोनवर फोन लावायची. तुम्ही तिकडं लांब बसा. मी काढते त्याला, एक ओरखडा उठू देत न्हाई."

ती कामाला लागली. हात राशीत नाही, तोंड राशीजवळ नाही. आकडीनं वरच्या गवऱ्या एकेक करून बाजूला ओढायच्या, थांबायचं, पाहायचं. कुणी बोललं तर हात वर करायची. रास कमरेएवढी उरली तेव्हा नाग दिसला. वेटोळं घालून, फणा वर. धम्मप्रियानं पिशवीचं तोंड पाइपाला बांधलं, पाइपाचं दुसरं टोक त्याच्या बाजूला जमिनीवर टेकवलं आणि आकडीनं त्याला नुसतं सुचवल्यासारखं केलं. दोनदा त्यानं आकडीवर फणा आपटला. तिसऱ्यांदा त्याला पाइपातला अंधार दिसला. साप अंधाराकडं जातो. तो सरसरत आत गेला, पिशवीत उतरला, तिनं पिशवीला पीळ घालून गाठ मारली. बघणाऱ्यांना वाटलं, एवढंच?

मग ती वेटोळ्याच्या जागी वाकली आणि तशीच राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "हिकडं या जरा."

मल्लम्मा आली.

"तुमच्या मालकांनी अंडी घातलीत."

खालच्या मऊ चुऱ्यात पांढुरकी, लांबट अंडी होती. काही सुटी, काही एकमेकांना चिकटलेली. मल्लम्मानं ती पाहिली, धम्मप्रियाकडं पाहिलं, परत अंड्यांकडं पाहिलं.

"किती हायत?"

"सोळा."

आता आदिनाथ फुटला. कुऱ्हाड टाकून पोट धरून हसायला लागला. आणि सगळ्यांत नवल म्हणजे मल्लम्माही हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं. चंद्रप्पा, मिशा पिळणारे, देवळाच्या कट्ट्यावर मोठमोठ्यानं बोलणारे चंद्रप्पा, सोळा अंड्यांवर बसलेले तिच्या डोळ्यांपुढं आले. वर्षात ती हसली नव्हती, म्हणून हसू कुठं थांबवायचं ते तिला कळेना, आणि थांबलं तेव्हा ते रडणं झालं होतं. म्हणजे चंद्रप्पा आलेच नव्हते. तीन महिने ती कुणाशीच बोलत नव्हती.

धम्मप्रिया तिच्या शेजारी उकिडवी बसली. "नागीण हाय ही. ह्या अंड्यांपायी जागा सोडत नव्हती बघा. तिला तुमच्या लेकराशी काय वैर न्हवतं. ती आपली अंडी जपायलती. आन् दूध साप पेत न्हाई, मावशी."

"मग वाटी रोज रिकामी कशी व्हायची?"

"घरात मांजर हाय?"

मांजर पत्र्यावर बसून हे सगळं पाहत होतं. पाडव्यापासून ते चांगलं दुप्पट झालं होतं, आणि शिल्पा त्याला गाभण समजत होती.

अंडी न्यायची होती. धम्मप्रियानं वनरक्षकाला फोन करून विचारलं, तर तो खोक्यात माती आणि चुरा घालून जपून आणा म्हणाला, पिल्लं निघाली की रानात सोडू. पण अंडं जसं पडलं तसंच न्यावं लागतं. उलटलं की आतलं पिल्लू मरतं. म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला खूण करून मगच उचलायचं. तिनं खिसे चाचपले, डिकी उघडून पाहिली. पेन्सिल नव्हती.

मल्लम्मा उठून आत गेली आणि शिवमच्या काजळाची डबी घेऊन आली.

"हे चालंल?"

"चालंल की. पण हात हलवायचा न्हाई. नुसतं टेकवायचं."

धम्मप्रियानं तिला आपले हातमोजे दिले. मल्लम्मानं ते परत केले, मोज्यात तिचं बोट ऐकेना. आता तिथं साप नाही हे तीनदा बघून झाल्यावर धम्मप्रियानं तिला अंड्यांजवळ बसू दिलं. मल्लम्मानं करंगळी काजळात बुडवली आणि एकेका अंड्यावर टेकवत गेली. लेकराच्या गालाला लावतात तशी, बारीक गोल तीट. बाकीच्यांना ती खूण होती. तिच्या तोंडून मात्र सवयीनं निघालं, "कुणाची नजर लागू नये गं माय." सोळा वेळा. शिल्पा लेकराला घेऊन खिडकीत उभी होती. तिनं हे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

जाताना धम्मप्रियानं महांतेशशी फोनवर बोलून घेतलं. रास बांधाकडं, घरापासून चांगली लांब न्यायची, फळ्यांवर, जमिनीपासून उचलून. बिळं बुजवायची, दाराखालची फट बंद करायची, सांडलेलं धान्य ठेवायचं नाही. अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. "आन् कधी काय झालंच, तर बांधायचं न्हाई, कापायचं न्हाई, मांत्रिकाकडं न्यायचं न्हाई. तडक दवाखाना. मी हाय तिथं." मग पिशवी आणि खोकं जपून बांधून ती निघाली. मल्लम्मा रस्त्यापर्यंत गेली. पिशवीला हात जोडावेत की नाही, तिचं ठरेना. शेवटी तिनं धम्मप्रियाच्याच गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

महांतेशनं दुसऱ्याच दिवशी रास हलवली. आईला तो काही बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला. शिल्पाही बोलली नाही. पण तिचं न बोलणं वेगळं होतं. ताट वाढायची, पाणी द्यायची, लेकराला मात्र खाली ठेवायची नाही. शब्द नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. मल्लम्माला तिचा राग आला नाही. आपल्याच लेकराच्या जिवाशी खेळणाऱ्या बाईशी कोण बोलेल? आपण असतो तर घर सोडून गेलो असतो, असं ती मनाशी म्हणत होती. पण अबोला काय करतो ते तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या दारात बसली होती. आडोसा झाडून सारवलेला. बघायला काही नव्हतं तरी ती तिकडंच पाहत होती. शिवम झोपला असावा, कारण शिल्पा रिकाम्या हातानं आली आणि उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"आत्याबाई, रोज काय बोलत होताव त्याच्याशी?"

मल्लम्मानं सांगितलं. सोयाबीन, दात, पाठ. आणि मग जे सापालाही सांगता आलं नव्हतं तेही सांगितलं. जिलेबी. अबोला. तिसऱ्या दिवसाची दुपार. "माझ्यावर रुसून गेला गं माणूस. मी एक शब्द बोलले न्हाई. भुकेला, बिनबोलता गेला."

शिल्पानं मान वर केली. "रुसून? कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणंल? मला ठाव हाय."

"तुम्हाला काय बी ठाव न्हाई," शिल्पा म्हणाली. तिच्या आवाजातला राग अजून गेला नव्हता, पण डोळे भरले होते. "त्या दिवशी सकाळी मामांनी चा माझ्या हातनं घेतला. हसायलते. मी म्हणलं, मामा, आत्याबाई बोलंनात अन् तुम्ही हसायलाव? तर म्हणले, आज तिसरा दिस हाय. तिसऱ्याच्या पुढं तिनं कधी ताणलं न्हाई, चाळीस वर्षांत. आज दुपारी बघ, ताट घेऊन येईल आन् दुसरं काय बी बोलणार न्हाई, नुसतं 'जेवलाव का?' म्हणंल. ते ऐकल्याबिगर मी जेवत नसतो. म्हणून न्याहारी केली न्हाई त्यांनी. शेतात जाताना बी हसत गेले."

खरंच, त्या दुपारी मल्लम्मानं ताट वाढून ठेवलं होतं. शेतात घेऊन निघायच्या बेतातच होती.

"तू सांगितलं का न्हाईस मला?"

"तुम्ही त्या दिवसाचं नाव तरी काढू दिलाव का कुणाला? मी दोनदा बोलायला आले, दोन्ही डाव तुम्ही उठून गेलाव. मग मी माहेराला गेले."

मल्लम्माला त्या माणसाचा राग आला, खराखुरा, जिवंतपणी यायचा तसा. मेला वाट बघत होता! रुसव्याचीसुद्धा मजा घेत होता. ती पदरात तोंड घालून रडली, पण या वेळी ती उठून गेली नाही. शिल्पा सरकत जवळ आली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून बसली.

आत शिवम चाळवला, परत झोपला. ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं. मल्लम्मानं डोळे पुसले, नाक पुसलं, सुनेच्या उतरलेल्या तोंडाकडं नीट पाहिलं. तीन दिवस ही पोरही कोरड्या घासावरच आहे हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"शिल्पा," ती म्हणाली, "जेवलीस का गं?"